वाड्यावरची सून वर्गात उभी राहते: तिच्या गौरवाचा कार्यक्रम कसा करावा

प्रशिक्षण पुरं झाल्याचं पत्र आलं की शाळेत सगळ्यात आधी चर्चा सुरू होते ती पाहुण्यांची. आमदारांना बोलवायचं की भागशिक्षणाधिकाऱ्यांना? बॅनर केवढा करायचा? शाली किती आणायच्या? मी गोव्यातल्या काणकोण तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळांत नोकरी केली. आता निवृत्तीनंतर गावडा, कुणबी आणि वेळीप या आदिवासी समाजांच्या वाड्यांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, बायकांना बालवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गात शिक्षिकेच्या मदतीला तयार करण्याच्या कामात असते. त्यामुळे असे कार्यक्रम मी जवळून पाहते, उभेही करते. माझं सांगणं एवढंच, की पाहुण्यांचं शेवटी बघा. आधी ज्यांचा गौरव आहे त्या बायकांना शाळेच्या ओसरीवर बसवा, चहा द्या आणि त्यांना काय हवं आहे ते विचारा.

उत्तरं लगेच येत नाहीत. पहिल्यांदा सगळ्या म्हणतात, "तुमी सांगतात तशें." थोडं थांबलं की मग खरं बाहेर येतं. एकीला सासूला पुढच्या रांगेत बसवायचं असतं, कारण प्रशिक्षणाच्या दिवसांत तिचं तान्हं मूल सासूनेच सांभाळलेलं असतं. एकीला माइकवर बोलायचं नसतं. एकीने मला विचारलं होतं, "बाये, म्हजें नांव कोण वाचतलो?" आपलं नाव परक्या माणसाने अडखळत वाचू नये, आपल्या ओळखीच्या तोंडून यावं, एवढीच तिची इच्छा होती. हे सगळं लिहून घ्या. कार्यक्रमाची रूपरेषा या कागदावरून तयार होते.

आधी कागद, मग कमान

कार्यक्रमात हातात पडणारं प्रमाणपत्र खरं असलं पाहिजे, सही-शिक्क्याचं. "सध्या कोरा कागद द्या, फोटो होऊ दे, खरं मागाहून पाठवू" असं कोणी सुचवलं तर स्वच्छ नाही म्हणा. ते प्रमाणपत्र आणायला तिला पुन्हा दिवसाचा रोज बुडवून मडगाव नाही तर पणजी गाठावी लागते.

नावांचा घोळ सगळ्यात मोठा, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. शाळेच्या दाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव असतं, आधारवर सासरचं, आणि बँकेच्या पासबुकात आणखी तिसरंच काही. गावकर, वेळीप, गावडे ही आडनावं एकेका वाड्यावर घरोघरी सारखी. पहिलं नावही पुष्कळदा सारखं. त्यातून इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कार्यालयाने आपल्या मनाने लिहिलेलं. छापायला देण्यापूर्वी प्रत्येकीला तिचे तिन्ही कागद घेऊन बोलवा, समोरासमोर ठेवा आणि दहावीवरचं नाव छापायचं की आधारवरचं, ते प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला विचारून ठरवा. छापलेला नमुना तिला स्वतःला वाचायला द्या. घरातल्या कोणीतरी "बरोबर आहे" म्हणून भागवू नका. उद्या अनुसूचित जमातीचा दाखला जोडून अर्ज करायची वेळ आली की एका अक्षरावरून फाईल परत येते.

आणि प्रमाणपत्राचं लॅमिनेशन करू नका, पुढे कुठे शिक्का मारायचा झाला तर अडतं. त्याऐवजी घट्ट बंद होणारी प्लास्टिकची फाईल द्या. आमच्याकडे आषाढ-श्रावणात कपाटातल्या कागदांना बुरशी येते.

आणखी एक कागद मी कार्यक्रमाआधी मागून घेते. कोणती बाई कोणत्या शाळेत, कुठल्या वर्गावर, कोणत्या तारखेपासून जाणार आणि तिला मानधन किती व कोण देणार, हे लेखी. ते अजून ठरलेलं नसेल तर व्यासपीठावरून नोकरीबद्दल कोणीही बोलू नये. प्रशिक्षणाचा गौरव करावा आणि तिथेच थांबावं.

तारीख

काजूच्या दिवसांत, म्हणजे साधारण मार्चपासून मेपर्यंत, कार्यक्रम ठेवू नका. बोंडू वेचायला सगळं घर डोंगरावर असतं. जुलैत लावणी. पावसाळा सरता सरता खोला मिरचीची तोडणी सुरू होते. या मिरचीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्या लागवडीत वाड्यावरच्या बायकांचाच हात मोठा. पौषात रात्री धालो, म्हणजे बायकांची गाणी आणि नाच, असतात. शिगम्यात तर कोणी भेटायचंच नाही.

मग उरतं काय? ते वाड्यावरच विचारायचं. नऊ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासींविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक 1982 साली त्या तारखेला झाली होती, म्हणून तो दिवस. आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस असतो, ओहोळ भरलेले असतात आणि पलीकडच्या वाड्यावरची म्हातारी माणसं येऊ शकत नाहीत. पंधरा नोव्हेंबर, बिरसा मुंडांची जयंती, 2021 पासून जनजातीय गौरव दिन म्हणून पाळली जाते. हवामानाच्या दृष्टीने तो दिवस चांगला, पण त्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी सरकारी कार्यक्रम असतात आणि समाजाची मोठी माणसं तिकडे जातात. मी तरी त्याच्या आधीचा किंवा नंतरचा एखादा दिवस धरते.

25 मे मात्र वगळा. 2011 साली त्या दिवशी बाळ्ळीला आदिवासी हक्कांसाठी झालेल्या आंदोलनात दोन तरुणांचे जीव गेले. समाज त्या दिवशी त्यांना आठवतो. त्या आठवणीच्या दिवसावर दुसरा कार्यक्रम चढवू नये.

गटात ख्रिस्ती गावडा बायका असल्या तर वाड्याचं फेस्त (चर्चचा सण) आणि रविवारची मिसा (प्रार्थना) कधी आहे तेही विचारा. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत जेवणाचा बेत त्यांना विचारून ठरवा.

जागा आणि परवानगी

शाळेचं अंगण पुरेसं असेल तर तिथेच करा. तालुक्याच्या सभागृहात कार्यक्रम नेला की वाड्यावरून फक्त त्या बायका आणि फार तर त्यांचे नवरे येतात. म्हाताऱ्या येत नाहीत, पोरं येत नाहीत, शेजारणी येत नाहीत. आणि खरं तर त्यांनीच यायला हवं. आपल्या वाड्यावरची बाई वर्गात उभी राहते हे शेजारणीने डोळ्यांनी पाहिलं की पुढल्या तुकडीला बायका शोधत फिरावं लागत नाही.

"मांडावर करूया का?" असं कोणी उत्साहाने विचारतं. मांड ही देवाची जागा. तिथे धालो होतात, तिथले नियम असतात, पायांत चप्पल चालत नाही, अमुक दिवशी अमुकच करायचं असतं. गावकाराला, म्हणजे वाड्याच्या मानकऱ्याला, नारळ घेऊन भेटा आणि विचारा. तो हो म्हणाला तर त्याच्या सांगण्याप्रमाणे सगळं करा. नको म्हणाला तर दुसऱ्यांदा विषय काढू नका. मला शाळेचं अंगण जास्त पसंत आहे, कारण या बायकांचं काम पुढे तिथेच आहे.

खोतीगाव किंवा नेत्रावळीच्या बाजूला असाल तर अभयारण्याची हद्द कुठून लागते ते बघून घ्या आणि ध्वनिक्षेपक लावण्याआधी वन खात्याला विचारा. मोबाईलची रेंज त्या भागात भरवशाची नसते, तेव्हा "पाहुणे व्हिडिओवरून शुभेच्छा देतील" असलं काही ठरवू नका. शेवटची कदंब बस किती वाजता सुटते ते पाहून त्याआधी तासभर कार्यक्रम संपवा. तिन्हीसांजेनंतर त्या रस्त्यावर गवे उतरतात. लांबच्या वाड्यांवरून माणसं आणायला बालरथ, म्हणजे शाळेच्या मुलांची बस, मिळतो का, हे मुख्याध्यापकांना आधीच विचारून ठेवावं.

दुसरीकडे हे कसं झालं

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, नॉर्दर्न टेरिटरीत, वस्तीवरच्याच माणसांना वर्गासाठी तयार करण्याचं काम आपल्या कितीतरी आधी सुरू झालं. डार्विन शहराबाहेर कॉर्मिल्डा नावाचं ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी, मुलांचं निवासी विद्यालय होतं. 1960 च्या दशकात त्याच्याच एका भागात दूरदूरच्या वस्त्यांवरच्या ॲबोरिजिनल वर्गसाहाय्यकांसाठी छोटी छोटी प्रशिक्षणं भरू लागली. 1974 च्या सुमारास ते केंद्र बॅचलर या गावी हललं आणि वाढत वाढत आज ती उच्च शिक्षण देणारी बॅचलर इन्स्टिट्यूट झाली आहे. 1973 पासून तिथल्या काही शाळांत घरची भाषा आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवायला सुरुवात झाली. त्या वर्गांत मुलांची भाषा जाणणारं माणूस बहुधा एकच असायचं, ते म्हणजे वस्तीवरून आलेले साहाय्यक. यिरकला गावच्या शाळेत 1990 साली त्याच भागातल्या योल्ङू समाजाचा माणूस मुख्याध्यापक झाला.

त्यांच्या पद्धतींतल्या दोन गोष्टी मी मुद्दाम आमच्याकडच्या लोकांना सांगते. तिथे मोठ्या कार्यक्रमाची सुरुवात त्या जमिनीच्या मूळ समाजातला वडीलधारा माणूस करतो, आलेल्यांचं आपल्या भूमीवर स्वागत करतो, आणि मंत्री असो की कुलगुरू, बाकीचे सगळे त्याच्या मागून बोलतात. दुसरी गोष्ट वारलेल्या माणसांची. कित्येक ॲबोरिजिनल समाजांत गेलेल्या माणसाचं नाव घेणं किंवा फोटो दाखवणं घरच्यांना दुखावतं, म्हणून आधी विचारतात.

आपल्याकडे पहिली गोष्ट आयतीच आहे. गावकार गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालतो. समई पेटवण्याआधी, पाहुण्यांच्या स्वागताआधी, त्याला गाऱ्हाणं घालू द्या आणि तोवर सगळ्यांनी उभं राहावं. ख्रिस्ती बायका असतील तर त्यांच्यातली एखादी वडीलधारी बाई आपली प्रार्थना म्हणेल. दोघांनाही वेळ द्या, मागून घाई करू नका.

वेश आणि वाद्यं

कुणबी साडी नेसून या, असा हुकूम काढू नये. लाल चौकड्यांचा तो कपड आणि खांद्यावरची देंठली गाठ पर्यटकांच्या जाहिरातींत इतकी वापरली गेली आहे, की कित्येक तरुण मुलींना ती नेसून व्यासपीठावर उभं राहणं म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथावर उभं राहिल्यासारखं वाटतं. काहींना मात्र ती आजीची म्हणून नेसायचीच असते. जिची तिची मर्जी. मूळ हातमागाची कुणबी साडी जवळजवळ विणायची बंद झाली होती. वेंडेल रॉड्रिक्स या गोव्याच्या वेशभूषाकाराने तिच्या पुनरुज्जीवनासाठी बरंच काम केलं. आज हातमागाची खरी साडी महाग पडते. कार्यक्रमासाठी सगळ्यांना तीच विकत घ्यायला लावणं अन्यायाचं आहे.

धालो व्यासपीठावर नाचून दाखवा, असंही मी सांगत नाही. फुगड्या चालतात, बायका हौसेने घालतात. घुमट, मातीच्या मडक्याचं आपलं वाद्य, हवंच. 2019 साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारशाचं वाद्य म्हणून मान दिला. पूर्वी त्याच्या तोंडाला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे, तेव्हा आता बकऱ्याचं कातडं असतं. घुमट, समेळ आणि कांसाळं वाजवणारी मुलं वाड्यावरच असतात. त्यांना सांगितलं की माइकशिवायही अंगण भरून जातं.

कोणी कुठे बसायचं

पुढच्या रांगेतल्या खुर्च्या प्रमाणपत्र घेणाऱ्या बायकांच्या घरच्यांसाठी. सासू, आई, नवरा, मोठी मुलगी, ज्याने ज्याने त्या महिन्यांत घर सांभाळलं तो माणूस. कागदावर नावं लिहून खुर्च्यांना चिकटवा, नाहीतर म्हाताऱ्या मागे जाऊन भिंतीपाशी बसतात आणि पुढे पंचायतीची माणसं येऊन बसतात.

पाहुण्यांना जरूर बोलवा. सरपंच हवेत, भागशिक्षणाधिकारी हवेत, कारण उद्या वर्गात खडू-कागद कमी पडले तर त्यांच्याकडेच जायचं आहे. निमंत्रणातच लिहा की भाषण पाच मिनिटांचं आणि कार्यक्रम वेळेवर सुरू होईल. पाहुणे उशिरा आले तरी गाऱ्हाणं ठरल्या वेळी घाला. पहिलीतली पोरं उन्हात तिष्ठत बसवून शिक्षणाच्या कार्यक्रमाची सुरुवात होऊ नये, याबद्दल मी हट्टी आहे.

सूत्रसंचालन मराठीत करा, कोंकणीत करा, दोन्ही मिसळून करा. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामकाजात मराठीलाही जागा आहे. शाळा मराठी माध्यमाची असली तरी बायकांनी आपल्या वाड्यावरच्या बोलीतच बोलावं. त्यांची भाषणं आपण लिहून देऊ नयेत. जिला बोलायचं आहे तिने बोलावं, जिला नाही तिने नुसतं प्रमाणपत्र घ्यावं.

प्रमाणपत्र देण्याची वेळ

नाव वाचणारं माणूस वाड्यावरचं किंवा शाळेतलं असावं. नुसतं नाव वाचू नये. आडनावं सारखी असल्यामुळे वाड्याचं नाव घ्यावं, माहेर सांगावं, आणि प्रशिक्षणात तिने काय केलं त्याचं एक वाक्य सांगावं. हे वाक्य प्रशिक्षण देणाऱ्या बाईंकडून आधी लिहून घ्या. "मेहनती आणि नम्र" असलं नको. एकीबद्दल आम्ही असं वाचलं होतं: पौषात पहिलीतली चार पोरं सकाळी वर्गात पेंगत होती, शिक्षिका रागावल्या, तेव्हा हिने त्यांना हळूच सांगितलं की आमच्या वाड्यावर धालो चालू आहेत, पोरं आयांबरोबर मध्यरात्रीपर्यंत मांडावर असतात. मग तो आठवडा गणित दुपारच्या सुटीआधीच्या तासाला गेलं आणि सकाळी गाणी झाली. हे ऐकल्यावर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माना डोलवू लागल्या. ही बाई वर्गात काय करते ते त्यांना कळलं. सरकारी अधिकाऱ्यांनाही कळलं.

प्रमाणपत्र पाहुण्याने द्यायचं की मुख्याध्यापकांनी, यावर वाद होतो. आम्ही वाड्यावरच्या सर्वांत वयस्क बाईच्या हातून देतो आणि मुख्याध्यापक शेजारी उभे असतात. तिला सही येत नसली तरी काही बिघडत नाही. शालीऐवजी कामाची वस्तू द्या: खांद्याला अडकवायची मजबूत कापडी पिशवी, तिच्यात चित्रांच्या गोष्टींची चार पुस्तकं, बोथट टोकांची कात्री, रंगीत खडू, एक जाड वही. स्मृतिचिन्हं नकोत. घरात ठेवायला जागा नसते आणि त्यांचा उपयोग नसतो.

यानंतर जे होतं ते माझ्या मते सगळ्या कार्यक्रमाचा गाभा. दहा-पंधरा मिनिटं वर्ग भरवायचा, सगळ्यांच्या देखत. दोघी बायका, पहिलीतली आठ-दहा मुलं, अंगणातच चटई. नाटक बसवल्यासारखी तालीम करू नका. मुलांना काय करायचं ते माहीत नसावं, बायकांना माहीत असावं.

एका कार्यक्रमात एकीने सुपात काजूच्या बिया आणल्या होत्या. मुलांच्या पुढे नारळाच्या करवंट्या ठेवल्या आणि सांगितलं, दहा झाल्या की करवंटी भरली. मुलं मोजू लागली. एक पोरगा दोन-दोन उचलत होता, तो सगळ्यांच्या आधी करवंट्या भरून मोकळा झाला. तिने त्याला शाबासकी देऊन गप्प बसवलं नाही. विचारलं, तू कसं मोजलंस ते हिला दाखव. शेजारच्या मुलीला त्याने दाखवलं, घरच्या बोलीत. मग तिने फळ्यावर अंक लिहिले आणि मराठी पुस्तकातलं पान उघडून तीच बेरीज दाखवली. सगळं अंगण गप्प होऊन बघत होतं. मागे उभे असलेले बाप, जे शाळेच्या सभेला कधी फिरकत नाहीत, तेही पुढे सरकले, कारण बिया किती किलो झाल्या की किती पैसे होतात हा हिशेब त्यांच्या रोजच्या जगण्यातला. शिक्षण हक्क कायद्यातसुद्धा, 2009 सालच्या, शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलेलं आहे. अशा वर्गात ते होताना दिसतं.

वर्गशिक्षिकेलाही त्या चटईवर बसवा. या दोघींनी मिळून वर्ग चालवायचा आहे. शिक्षिका खुर्चीत आणि साहाय्यक बाई दाराशी उभी, असा फोटो निघाला तर पालक तोच अर्थ घेऊन घरी जातात.

ज्यांचं पुरं झालं नाही त्या

प्रत्येक तुकडीत दोन-तीन बायका मध्येच थांबलेल्या असतात. कोणाचं बाळंतपण आलं, कोणाच्या घरी आजारपण, कोणाला नवऱ्याने सोडलं नाही. त्यांना घरी जाऊन निमंत्रण द्या, व्हॉट्सॲपवर नको. कार्यक्रमात त्यांचा उल्लेख करू नका, दया दाखवू नका, पण पुढची तुकडी कधी आहे आणि आधीचा भाग धरला जाईल का, ते त्यांना कानात सांगण्याइतकी माहिती तुमच्याकडे असू द्या. जेवणाच्या वेळी प्रशिक्षण देणाऱ्या बाईंना त्यांच्या पंगतीत बसवलं की हे सहज होतं.

जेवणाचं थोडक्यात. कॅटररचा पुलाव नको. खतखतं करा. वाड्यावर काटेकणगी, कोनफळं मिळतातच, आणि शाकाहारी असल्यामुळे वार कोणताही असला तरी चालतं. भात, सोलकढी आणि गोडाला मणगणं. सकाळी लवकर आलेल्या मुलांना नाचणीची तिजण. स्वयंपाकाचे पैसे महिला मंडळाला द्या. मात्र ज्यांचा गौरव आहे त्या बायका त्या दिवशी चुलीपाशी दिसता कामा नयेत. हे मंडळाला आधीच सांगावं लागतं, नाहीतर त्या आपोआप पदर खोचून उभ्या राहतात.

फोटो काढताना मुलांच्या पालकांना विचारा. बायकांनाही विचारा, आणि फोटोखाली नावं त्यांनी सांगितली तशीच लिहा. वर्तमानपत्राला बातमी पाठवायची असेल तर पाहुण्यांच्या नावांआधी यांची नावं आली पाहिजेत. बातमीदार कापताना शेवटचा परिच्छेद कापतो.

दुसऱ्या दिवसापासून

कार्यक्रमाच्या जागीच एक टेबल ठेवा, तिथे पुढच्या वाटेची माहिती द्यायला एक माहितगार माणूस बसवा. जी दहावीवर थांबली आहे तिला एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी करता येते. बारावीनंतर डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांसाठीची दोन वर्षांची पदविका आहे आणि त्यासाठी पर्वरीला डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आहे. गुणांची अट आणि जमातीसाठीची सवलत त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघायची, ऐकीव माहितीवर कोणाला हो-नाही सांगायचं नाही. काणकोणहून पर्वरी रोज जाऊन-येऊन करणं मूल असलेल्या बाईला जवळपास अशक्य, तेव्हा राहायची सोय, भाड्याचा खर्च आणि जमातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्त्या यांचं बोलणं त्याच टेबलावर व्हायला हवं. आमच्याकडे या टेबलापाशी गौरव झालेल्या बायकांपेक्षा त्यांच्या धाकट्या बहिणी आणि नणंदा जास्त येतात. दहावी-बारावीच्या मुली. त्यांची नावं आणि फोन नंबर वहीत उतरवून घ्या आणि आठवडाभरात खरंच फोन करा.

महिन्याभराने एकदा शाळेत जाऊन वर्गात बसा. साहाय्यक बाई मुलांबरोबर आहे की तिला झाडलोट, चहा आणि मुख्याध्यापकांच्या कार्यालयातली नोंदवही यांत अडकवलं आहे, ते तासाभरात दिसतं. तसं दिसलं तर मुख्याध्यापकांशी एकट्यात बोला, कामाचं लेखी पत्र सोबत घेऊन. मानधन वेळेवर जमा होतं का ते तिला विचारा, पासबुक बघायला मागा. पुढच्या वर्षी नव्या तुकडीचा कार्यक्रम असेल तेव्हा नावं वाचायचं काम तिला द्या.